शब्दचर्चा : हम्द

प्रश्न : 'अल्हम्दुलिल्लाह'चा अर्थ कुणी 'देवाचे आभार' सांगतं, कुणी 'देवाची स्तुती'. नेमकं काय धरायचं? आभारासाठी शुक्र हा अरबी शब्द असताना हम्द वेगळा कशाला?

उत्तर : ताई, स्तुतीच धरा. शुक्र उपकारापोटी येतो, काही पदरात पडलं की करायचा. हम्दला तशी अट नाही. अल्लाह मुळातच स्तुतीला पात्र आहे, म्हणून प्रेमाने आणि आदराने केलेली स्तुती ती हम्द. अरबीत स्तुतीसाठी 'मद्ह'ही आहे, पण मद्ह मोत्याच्या पाणीदारपणाचीही होते आणि मनात आदर नसतानाही करता येते. हम्द तशी होत नाही.

कुरआनचा पहिला अध्याय, सूरह फातिहा, बिस्मिल्लाहनंतर याच शब्दांनी सुरू होतो. पाच वेळच्या फर्ज, म्हणजे बंधनकारक, नमाजात मिळून 17 रकात (नमाजाची आवर्तनं), आणि प्रत्येक रकातीत फातिहा. शिवाय रुकूतून, म्हणजे कमरेत वाकलेल्या स्थितीतून, उठताना इमाम म्हणतात, 'समिअल्लाहु लिमन हमिदह', म्हणजे हम्द करणाऱ्याचं अल्लाहने ऐकलं. मागचे म्हणतात, 'रब्बना लकल हम्द'. साधी शिंक आली तरी 'अल्हम्दुलिल्लाह', आणि ऐकणाऱ्याने 'यर्‌हमुकल्लाह' म्हणायचं.

हम्दचं खरं मोल मला दुःखात दिसतं. मनाजोगतं घडलं नाही तर पैगंबर म्हणत, 'अल्हम्दुलिल्लाहि अला कुल्लि हाल', प्रत्येक स्थितीत स्तुती अल्लाहचीच. तिरमिज़ींच्या संग्रहातली एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे : मूल गेलेला माणूस त्या घडीलाही हम्द करतो, तेव्हा अल्लाह त्याच्यासाठी जन्नतमध्ये घर बांधायला सांगतो, आणि त्या घराला 'बैतुल हम्द' नाव द्यायला सांगतो. इथे नुसतं 'आभार' म्हटलं तर अर्थ पार हरवतो. आईबापांनी रडू नये असं मात्र यात कुठेही नाही. मुलगा इब्राहीम गेला तेव्हा पैगंबरांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

प्रश्न : मग तस्बीह, म्हणजे 'सुब्हानल्लाह' म्हणणं, आणि हम्द एकच का?

उत्तर : नाही. 'सुब्हानल्लाह' म्हणताना अल्लाह प्रत्येक उणिवेपासून मुक्त आहे असं म्हणतो. हम्द त्याचे गुण गाते. म्हणून 'सुब्हानल्लाहि व बिहम्दिही' अशी जोडी येते.

जाता जाता : मुहम्मद, अहमद, महमूद, हमीद ही सगळी याच धातूची नावं. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) या जुन्या नावातला 'अहमद'ही तोच, निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याच्या नावातला. 'अल्-हमीद' हे अल्लाहचं नाव, म्हणून माणसाचं पूर्ण नाव पुष्कळदा अब्दुल हमीद असतं. उर्दू काव्यात हम्द फक्त अल्लाहची. पैगंबरांवरच्या रचनेला नात म्हणतात.