ब्रुस्केत्ताचा पाव मऊ पडू नये म्हणून

ब्रुस्केत्ता म्हणजे भाजलेल्या पावाचे इटालियन काप, बहुतेकदा वर टोमॅटो घातलेले. घरच्या हर्ब ब्रेडवर टोमॅटो घातले की पाच मिनिटांत पावाचा लगदा होतो, काय करावं, असं एका वाचकाने विचारलंय. माझंही आधी असंच व्हायचं. टोमॅटोच्या बिया काढा, बारीक चिरा, मीठ लावून 15-20 मिनिटं चाळणीत निथळू द्या. खाली जमलेलं पाणी सारात घाला, फार चव असते त्याला. ऑलिव्ह तेल आणि हाताने तोडलेली बेझिलची पानं अगदी शेवटी.

लसूण मात्र टोमॅटोत चिरून घालू नका, कळकळीने सांगते. ब्रुस्केत्ता हे नाव रोमकडच्या बोलीतल्या 'ब्रुस्कारे' या शब्दावरून आलंय, म्हणजे निखाऱ्यावर भाजणं. खरा मान भाजलेल्या पावाचा! जाड काप खरपूस भाजा आणि गरम असतानाच त्यावर सोललेली लसणाची पाकळी घासा. किसणीवर घासल्यासारखी झिजते ती, आणि काय वास सुटतो! इटलीतल्या टस्कनी भागात त्यावर नुसतं ऑलिव्ह तेल आणि मीठ घालतात, त्याला फेत्तुंता म्हणतात. टोमॅटो नाहीतच.

पाव शक्यतो आदल्या दिवशीचा घ्या. ताज्याला नीट कडकपणा येत नाही. आणि टोमॅटो वाढतानाच वर घाला.