आखूड पाय म्हणजे जवळचं नातं नव्हे

आपल्याकडच्या ठिपकेवाल्या सापसुरळीचं नाव जुन्या पुस्तकात 'लायगोसोमा' आणि नव्या यादीत 'रिओपा', मग खरं नाव कोणतं, असा प्रश्न पडणं रास्त आहे. दोन्ही नावं त्याच सापसुरळीची, पण आता 'रिओपा'च धरा.

लांबट अंग, इवलेसे पाय, चकचकीत खवले असं दिसलं की आफ्रिकेपासून इंडोनेशियापर्यंतच्या बऱ्याच सापसुरळ्या लायगोसोमा या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, टाकल्या जात. पण मातीत, पाचोळ्याखाली सरपटणाऱ्या प्राण्याला लांब पायांची अडचणच होते, त्यामुळे सापसुरळ्यांच्या वेगवेगळ्या शाखांत पाय स्वतंत्रपणे आखूड झालेत. नुसत्या पायांवरून नातं ठरवलं की फसगत ठरलेली. लिनियसने तर १७६६ मध्ये जावातल्या अशाच एका जातीला पाय नसलेल्या सरड्यांच्या 'अँग्विस'मध्ये बसवलं आणि नाव ठेवलं 'क्वाड्रुपेस', म्हणजे चार पायांची!

२०१९ मध्ये डीएनएच्या आधारे या गटाची फेरमांडणी झाली. लायगोसोमा आग्नेय आशियापुरता उरला, आफ्रिकेतल्या जाती मोक्लसमध्ये गेल्या, भारतीय उपखंडातल्या बहुतेक रिओपात आल्या. सबडोल्यूसेप्स ही प्रजाती नव्याने केली; दक्षिण भारतातली 'प्रुथी' ही जात तिच्यात आहे. मला ही मांडणी पटते, कारण ती भूगोलाशीही जुळते.

आपल्याकडची ठिपकेवाली रिओपा पंक्टाटा जरूर पाहा. पिल्लाची शेपटी लालभडक असते. फक्त हातात धरू नका, शेपटी चटकन तुटते.