सिटाडेल्स: आघाडीवर असताना कोणते पात्र निवडावे?

प्रश्न
ब्रूनो फैदुटी यांचा, २००० साली प्रकाशित झालेला ‘सिटाडेल्स’ हा पत्त्यांचा खेळ आम्ही पाच जण नियमितपणे खेळतो. त्यात दर फेरीला प्रत्येक जण गुपचूप एक पात्र निवडतो आणि त्या पात्राच्या अधिकारांनी आपल्या नगरात इमारती बांधतो. आमच्या संचात कोणाचीही आठवी इमारत उभी राहिली की त्या फेरीअखेर डाव संपतो. ज्याच्या सहा इमारती झाल्या आहेत आणि हाती सोनेही पुरेसे आहे, त्याला वास्तुविशारद सर्वांत सोयीचा, कारण त्याला एकाच खेपेत तीन इमारतींपर्यंत बांधता येतात. परंतु हे सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे मारेकरी नेमके त्याचेच नाव घेतो, आणि ज्या पात्राचे नाव घेतले जाते त्याची त्या फेरीतली खेळी बुडते. अशा वेळी काय निवडावे?

प्रतिसाद १
मारेकरी खेळाडूचे नव्हे, तर पात्राचे नाव घेतो, म्हणून इतरांचा तुमच्याविषयीचा अंदाज चुकवणे हेच खरे संरक्षण आहे. मी धर्मगुरू घेईन. सेनापतीला त्याच्या इमारती पाडता येत नाहीत, निळ्या इमारतींमागे सोने मिळते आणि सातवी इमारत शांतपणे बांधून होते.

प्रतिसाद २
निवडीचा क्रमही पाहावा. पाच जणांच्या डावात पात्रांच्या आठ पत्त्यांपैकी एक उघडा आणि एक पालथा बाजूला जातो. पहिल्या खेळाडूच्या हाती उरलेले सहा येतात, त्यामुळे पालथा पत्ता कोणता हे त्याला एकट्याला नक्की कळते. दुसऱ्याला पाचच दिसतात. त्यांत मारेकरी नसेल आणि तो उघडाही पडलेला नसेल, तर तो पहिल्याकडे आहे किंवा पालथा आहे. एवढे कळल्यावर वास्तुविशारद घ्यावा की टाळावा, हे अंधारात ठरवावे लागत नाही.

प्रतिसाद ३
सातव्या इमारतीपर्यंत वरील दोन्ही सल्ले मला पटतात; आठवीसाठी मात्र मी स्वतःच मारेकरी होणे पसंत करतो. त्याचा क्रमांक पहिला असल्यामुळे चोराने सोने नेण्यापूर्वी आणि जादूगाराने हातचे पत्ते बदलण्यापूर्वीच त्याची इमारत बांधून होते, आणि पूर्ण झालेल्या नगराला सेनापती हात लावू शकत नाही. शिवाय सर्वप्रथम नगर पूर्ण करणाऱ्याला चार गुण अधिक मिळतात, नंतरच्यांना दोनच. मारेकरी हाती येण्यासाठी निवड लवकर मिळायला हवी, म्हणून आदल्या फेरीत राजा घ्यावा. त्याचा खून झाला तर त्या फेरीतले बांधकाम बुडते, परंतु फेरीअखेर मुकुट, म्हणजे पुढच्या फेरीत पहिल्या निवडीचा मान, त्याच्याकडेच येतो.