स्कॉर्पिओला मोठे टायर, लिफ्ट आणि कॅरिअर: ब्रेकचं नेमकं काय बदलायचं?

कोकणवाट

गाडी स्कॉर्पिओ एस११, २०१९, डिझेल, मॅन्युअल. कंपनीच्या २३५/६५ आर१७ च्या जागी २६५/६५ आर१७ ऑल टेरेन टायर आहेत. पुढे-मागे दोन इंच लिफ्ट (म्हणजे बॉडी तेवढी उंच केलेली), छतावर कॅरिअर, पुढे लोखंडी बंपर. घरचे सहा-सात जण आणि सामान असं भरून गाडी महिन्यातून एकदा तरी घाट उतरते. महाबळेश्वरहून आंबेनळीने उतरताना पोलादपूरच्या अलीकडे ब्रेकचा जळका वास येतो, पेडल मऊ लागतं आणि नेहमीपेक्षा बरंच खाली जातं. अर्धा तास गाडी उभी केली की पुन्हा ठीक. सपाट रस्त्यावर काहीच तक्रार नाही.

गॅरेजमध्ये तीन पर्याय सांगितलेत: पुढे सहा पिस्टनचं बिग ब्रेक किट, मागचे ड्रम काढून डिस्क, किंवा पुढे भोकं पाडलेल्या डिस्क आणि नवे पॅड. बजेट चाळीस हजारांपर्यंत. कुटुंबाची गाडी आहे, शर्यतीची नाही. काय करावं?

घाटमाथा

तिन्ही पर्याय सध्या बाजूला ठेवा. तुम्ही दिलेल्या लक्षणांतच अर्धं उत्तर आहे.

ब्रेक तापून दोन वेगळ्या गोष्टी बिघडतात. पेडल दगडासारखं कडक, पूर्ण जोर लावूनही गाडी थांबत नाही, म्हणजे डिस्कवर दाबल्या जाणाऱ्या पॅडची पकड गेली. पेडल मऊ होऊन खाली जातं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पायाचा जोर पॅडपर्यंत पोचतच नाही. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा ऑइल होतं आणि पेडल जागेवर येतं. तुमचा प्रकार हा दुसरा आहे, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचा. पॅडची पकड हळूहळू कमी होते, ती पायाला कळते. ऑइल मात्र एका वळणाला ठीक असतं आणि पुढच्याला नसतं. ऑइल बदलेपर्यंत भरलेली गाडी घाटात नेऊ नका.

आता उष्णतेचा हिशेब. भरलेली गाडी अडीच टन धरा. महाबळेश्वर ते पोलादपूर उतार साधारण बाराशे मीटर. एवढं वजन एवढं खाली आणताना सुमारे २९ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हीच गाडी ताशी १०० वरून एकदा पूर्ण थांबवायला साधारण १ मेगाज्यूल लागतो. म्हणजे गाडी मोकळी सोडून नुसत्या ब्रेकवर हा घाट उतरणं म्हणजे शंभरच्या वेगातून जवळजवळ तीस वेळा थांबवणं. पुढची एक डिस्क दहा किलोची धरली, तर अशा प्रत्येक थांबण्याला दोन्ही पुढच्या डिस्कचं तापमान सत्तरेक अंशांनी वाढतं. मध्ये हवा लागून थोडं उतरतं, पण घाटात वेग कमी, त्यामुळे हवाही कमी.

म्हणून सर्वात मोठा फरक पडतो तो गिअरने. आंबेनळीसारख्या ठिकाणी दुसरा गिअर, जिथे चढताना दुसरा लागतो तिथे उतरतानाही दुसराच. न्यूट्रल कधीच नाही. ब्रेक सतत हलका धरून ठेवू नका. वळणाआधी ठाम दाबा, वेग हवा तेवढा उतरला की पाय पूर्ण उचला. मधल्या काही सेकंदांत डिस्क श्वास घेते.

टायरचं गणित वेगळं. जुना टायर ७३७ मिलिमीटर व्यासाचा, नवा ७७६ चा. फरक ५.३ टक्के. डिस्कवर तेवढाच जोर लावला तरी रस्त्यावर मिळणारी थांबवण्याची ताकद साधारण पाच टक्क्यांनी घटते. शिवाय काटा ९५ दाखवतो तेव्हा गाडी शंभरने चालत असते, म्हणजे आपल्याला वाटतं त्यापेक्षा दहा टक्के जास्त ऊर्जा. दुरुस्त करता येण्याजोगी गोष्ट आहे ही, पण घाटातल्या मऊ पेडलचं कारण ही नाही.

एक चाचणी करा. मोकळा, कोरडा, सरळ रस्ता, मागे कोणी नाही याची खात्री, ब्रेक थंड, ताशी ६०. पेडल पूर्ण जोराने दाबा. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) थरथरला तर टायरची पकड संपेल एवढा जोर ब्रेकमध्ये आहे. मग सहा पिस्टन लावूनही त्या एका थांबण्याचं अंतर कमी होणार नाही.

पाना_चौदा

घाटमाथा यांच्याशी सहमत. आता गाडी जॅकवर घेऊन काय बघायचं ते सांगतो.

पुढची चाकं काढा. प्रत्येक कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आतला आणि बाहेरचा पॅड किती उरलाय ते मोजा. दोघांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर कॅलिपरच्या सरकत्या पिना जॅम आहेत किंवा पिस्टन मागे येत नाही. असा पॅड कायम घासत राहतो आणि ऑइल तिथेच तापतं. पिना काढून साफ करा, रबरी बूट फाटले असतील तर बदला, आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लावा. बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पीन सहा महिन्यांत पुन्हा अडकते. ही चूक सगळ्यात जास्त दिसते.

डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजा. लेथ मारल्यावर (म्हणजे डिस्क तासून सपाट केल्यावर) त्या आकड्याच्या खाली जाणार असेल तर लेथ मारू नका, नवी घ्या. पातळ डिस्क म्हणजे उष्णता साठवायला लोखंडच कमी.

मागचे ड्रम उघडा. त्यांच्या आत शू असतात, ते बाहेर पसरून ड्रमला घासतात. बहुतेक गाड्यांत शूचं अंतर आपोआप राखणारा ऑटो अ‍ॅडजस्टर गंजून बसलेला असतो, शू आणि ड्रममध्ये अंतर वाढतं, मागचा ब्रेक नावापुरता उरतो आणि सगळं ओझं पुढच्या डिस्कवर येतं. अ‍ॅडजस्टर मोकळा करा, शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर उलटून आत ओल आहे का बघा. शू चकचकीत काचेसारखे झाले असतील तर बदला. सेटिंग असं हवं की चाक हाताने फिरवलं तर शू हलकासा घासल्याचा आवाज येतो, पण चाक अडत नाही.

लिफ्ट केलेल्या गाडीत ब्रेकच्या नळ्या नक्की तपासा. चारही चाकं हवेत लटकू द्या, स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे. नळी ताणली जात असेल, किंवा नवा टायर तिला घासत असेल, तर लिफ्टच्या मापाने जास्त लांब नळ्या लागतील. घेतानाच आतून टेफ्लॉन, बाहेरून स्टीलची जाळी आणि वर प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या घ्या. उघडी जाळी चिखल धरते आणि शेजारचा भाग कापते.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलवर दांडा असलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (गाडीतल्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) असेल, तर लिफ्टनंतर बॉडी उचलल्यामुळे त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा दाब कापतो. लिफ्टबरोबर त्याचा दांडा जुळवून घ्यावाच लागतो.

ऑइल डॉट ४, सीलबंद एक लिटर. कोरडं असताना उकळबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५. डॉट ३ ला हेच आकडे २०५ आणि १४०. ऑइल हवेतली आर्द्रता ओढत राहतं, आणि कोकणच्या पावसाळ्यात जास्तच. दोन वर्षांनी बदलायचंच, तुमच्या वापराला दरवर्षी. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते टाकू नका, डॉट ५.१ चालतं.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायचा क्रम: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मॅन्युअलमध्ये वेगळा असेल तर तोच पाळा. आधी ब्रेक ऑइलच्या टाकीतलं काळं ऑइल पिचकारीने काढून नवं भरा, म्हणजे घाण नळीत उतरत नाही. टाकी मधेच रिकामी होऊ दिली तर एबीएसच्या युनिटमध्ये हवा जाते आणि ती काढायला स्कॅनर लागतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पेडल तळापर्यंत गेलं की मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा सिलिंडर) रबर एरवी न वापरल्या जाणाऱ्या खरबरीत भागावर घासतं आणि आठवड्याभरात गळायला लागतं.

चौथागिअर

पर्यायांबद्दल, कारण पैसे तिथे जातात.

सहा पिस्टन ऐकायला मोठं वाटतं. मूळच्या सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतात, सहा पिस्टनच्या स्थिर कॅलिपरमध्ये तीन-तीन दोन्हीकडे. तुलना करायची तर एका बाजूच्या पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ बघायचं. ते मूळपेक्षा जास्त असेल तर मास्टर सिलिंडरला जास्त ऑइल ढकलावं लागतं, पेडलचा प्रवास वाढतो, आणि पुढचा ब्रेक मागच्याच्या मानाने भारी होतो. पुढची चाकं लवकर एबीएसवर जातात, मागची आळशी राहतात. किट विकणाऱ्याने पिस्टनचे व्यास आणि डिस्कचं माप लेखी दिलं नाही तर घेऊच नका. नावाजलेल्या कंपन्यांच्या नकली कॅलिपरने बाजार भरलाय, आणि ओतकाम कसं आहे हे रंगाखाली दिसत नाही.

मागे डिस्क: हँडब्रेकचं काय करणार हा पहिला प्रश्न विचारा. दुसरा, एबीएसचं युनिट ड्रमसाठी जुळवलेलं आहे. ड्रमला लागतं त्यापेक्षा वेगळ्या दाबाची सवय त्याला कोण लावणार? भरल्या कुटुंबाची गाडी ओल्या वळणावर मागून घसरली तर सावरायला जागा नसते. हा बदल करू नका.

भोकं पाडलेल्या डिस्क: भोकांमुळे लोखंड कमी होतं, आणि सतत तापणं-गार होणं झालं की भोकांच्या कडेने तडे जातात. तुम्हाला उष्णता साठवायची आहे, म्हणून साधी, जाड, हवा खेळणारी मूळ मापाची डिस्कच उत्तम. चिखलात फार जात असाल तर खाचांची चालेल. कॅलिपरवर लाल प्लॅस्टिकची कव्हरं असतील तर आजच काढा.

लोखंडी बंपरही काढा. एअरबॅगच्या सेन्सरला धक्का कसा पोचतो ते त्याने बदलतं, पादचाऱ्याला तो घातक, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. टायर, लिफ्ट, ब्रेक या सगळ्यालाच मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) लागू शकतं, तेव्हा विमा कंपनीला लेखी विचारून ठेवा.

कोकणवाट

आज चाकं उघडली. पुढे उजवीकडे दोन्ही पॅड ६ मिलिमीटर. डावीकडे आतला ३, बाहेरचा ७. ऑइल चहासारखं. मागचा एक अ‍ॅडजस्टर फिरतच नाही. नळ्या लटकत्या चाकात ताणत नाहीत. पॅड कुठले घ्यावे?

पाना_चौदा

डावी पीन किंवा पिस्टन जॅम, यात शंका नाही. पिस्टन हाताच्या क्लॅम्पने आत ढकलून बघा. अडखळला तर सील किट टाका, पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर पिस्टनही. पॅड दोन्ही बाजूंचे एकदम बदला.

पॅडच्या पाठीवर किंवा कडेला दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं थंड असतानाची पकड, दुसरं गरम असतानाची. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. तुम्हाला एफएफ हवा. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असलेला पॅड घाटासाठी घेऊ नका. शर्यतीचे पॅडही नकोत. ते तापल्यावरच धरतात, सकाळी घरातून निघताना पहिल्या सिग्नलला दगा देतात.

बसवताना हबचा चेहरा वायर ब्रशने लख्ख करा. गंजाचा पापुद्रा राहिला की डिस्क किंचित तिरकी बसते आणि दोन-तीन हजार किलोमीटरनंतर स्टिअरिंग थरथरायला लागतं. चाकाचे नट टॉर्क रेंचने, एकाआड एक.

मग पॅड बसवून घ्यायचे: मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ ते दहा वेळा, मध्ये अर्धा-पाऊण किलोमीटर अंतर, पूर्ण थांबायचं नाही. नंतर दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवा. गरम डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी केली तर पॅडचा थर तिथेच चिकटतो, आणि लोक म्हणतात डिस्क वाकली.

घाटमाथा

हे सगळं झाल्यावर आधी गाडी रिकामी घेऊन एखादा छोटा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. खाली पोचल्यावर चारही चाकांजवळ हात न लावता, चार बोटं अंतरावरून उष्णता बघा. स्वस्तातली इन्फ्रारेड बंदूक असेल तर उत्तम. डावं-उजवं सारखं हवं. डावं पन्नासेक अंशांनी जास्त आलं तर पीन अजून मोकळी झालेली नाही, तेव्हा आंबेनळीला जाण्याआधी कॅलिपर पुन्हा उघडा.

मूळ पार्ट, ऑइल, पॅड, शू, सील आणि मजुरी धरूनही तुमच्या चाळीस हजारांतले बरेच उरतील. ते परत मूळ मापाच्या टायरकडे वळवा, कॅरिअरवरचं वजन तर फुकटच कमी होतं.




कोकणवाट

कळलं. बंपर आणि कॅलिपर कव्हरं आजच उतरवतो. शनिवारी पिना, सील, ऑइल, पॅड आणि मागचे शू. टायर झिजले की २३५ वर परत. घाट उतरून आकडे आले की इथेच टाकतो.