आजींचं पेंडंट: खरंच सोळाव्या शतकातलं?

केतकी_लेस्टर: शेजारच्या इंग्लिश आजी जाताना माझ्यासाठी एक पेंडंट ठेवून गेल्या. मधोमध बोराएवढा, गुळगुळीत, गडद लाल गार्नेट, भोवती हिरवं-निळं मीनाकाम, खाली लोंबता थेंब. पाठीवरही वेलबुट्टी कोरलीय. रेनेसाँसचं, म्हणजे सोळाव्या शतकातलं आहे असं त्या म्हणायच्या. विकायचं नाहीच, पण खरं काय ते कळायला हवं.

जुना_सोनार: ताई, वर्णन ‘होल्बाइनेस्क’चं वाटतं. इंग्लंड, १८६०-७०च्या आसपास. सोळाव्या शतकातला चित्रकार होल्बाइन याच्या दागिन्यांच्या आराखड्यांवरून ते नाव पडलं. ही नक्कल असली तरी कारागिरी अस्सल आहे! लंडनचा जवाहिरा कार्लो जुलियानो याच धाटणीच्या कामावर स्वतःची ‘सी. जी.’ मोहोर उठवायचा. पाठीमागे भिंगाने बघा.

अनिकेत: पण सगळंच एवढं सरळ नव्हतं. जर्मनीतल्या आखेनचा एकोणिसाव्या शतकातला सोनार राइनहोल्ड फास्टर्स याची हजारावर रेखाटनं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात होती. १९७०च्या दशकाअखेर ती ताडून पाहिल्यावर सोळाव्या शतकातल्या म्हणून गाजलेल्या कितीतरी वस्तू त्याच्या निघाल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला रोस्पिल्योसी कप तर सोळाव्या शतकातल्या चेल्लिनी या नामवंत इटालियन सोनाराचा मानला जायचा!

केतकी_लेस्टर: पाहिलं. मोहोर नाही. पण मागे काचेचा छोटा कप्पा आहे आणि आत केसांची सोनेरी बट. आजी त्याबद्दल कधीच बोलल्या नाहीत.

जुना_सोनार: मग कप्पा उघडू नका. आणि दागिने साफ करायच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये पेंडंट कधीही घालू नका, मीना उडेल. मऊ कोरड्या कपड्याने पुसा, बस.