८ वर्षाच्या पोराला गेममधल्या अनोळखी लोकांबद्दल कसं सांगायचं?

जुळेसोलापूर_आई
मुलगा तिसरीत आहे. आम्ही दोघंही कामावर, त्यामुळं शाळा सुटल्यापासून आम्ही येईपर्यंत आजीचा मोबाईल ह्याच्याच हातात. परवा गेमच्या चॅटमध्ये कुणीतरी विचारलेलं दिसलं, कुठल्या शाळेत आहेस, घरी आता कोण आहे, फोटो पाठव तुला डायमंड (गेममधले पैसे) देतो, आणि मम्मीला सांगू नको म्हणून. ह्यानं शाळेचं नाव सांगून टाकलंय, फोटो नाही पाठवला. सासूबाईंना फोन लावणं आणि उचलणं एवढंच येतंय. मिस्टर म्हणायलेत मोबाईलच बंद कर, पण मग शेजारी जाऊन खेळणारच की. पोरगं घाबरू नये आणि समजावं पण, असं कसं बोलायचं? आणि त्या माणसाचं काय करायचं?

विजापूररोड_मास्तर
ताई, आधी ते चॅट डिलीट करू नका. त्याचा आयडी आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, मग गेममध्येच रिपोर्ट करा आणि त्यानंतर ब्लॉक. बरेच पालक घाईघाईत सगळं पुसून टाकतात आणि मग दाखवायला काहीच उरत नाही. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथं नाव न देताही तक्रार करता येते. लहान मुलांसाठी १०९८ हा हेल्पलाइन नंबर आहे, चोवीस तास चालू आणि फुकट. १९३० हा नंबर ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर. शहरात सायबर पोलीस ठाणं आहे, तिथंही जाऊ शकता. वाईट हेतूनं मुलाशी मोबाईलवरून सारखं संपर्क करणं हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) गुन्हा आहे, त्यामुळं एवढ्याशासाठी कुठं जायचं असं मनात आणू नका. शाळेचं नाव गेलंय म्हणून वर्गशिक्षकांच्या कानावर घाला, घरच्यांशिवाय कुणाबरोबर सोडू नका म्हणावं.

अशोकचौक_अक्का
मिस्टरांना सांगा मोबाईल आत्ता काढून घेऊ नका, खरंच सांगते. पोराला कळतं, सांगितलं की मोबाईल जातो, मग पुढच्या वेळी ते सांगतच नाही आणि असल्या लोकांना तेच पाहिजे असतं. गड्ड्याच्या जत्रेला नेताना आपण आधीच सांगतो ना, हात सुटला तर इथंच थांब, पोलीसकाकांकडं जा, तसंच हे पण आधीच सांगून ठेवायचं, काही झाल्यावर नाही. आमच्याकडं रोज जेवताना मी विचारते आज गेममध्ये कोण कोण होतं, काय म्हणाले. ओरडत नाही, नुसतं ऐकते. पोरींना एकच गोष्ट पक्की सांगितलीय, जो कुणी म्हणेल घरी सांगू नको त्याचं सगळ्यात आधी घरी सांगायचं, मग तो ओळखीचा का असेना. हे "अनोळखीशी बोलू नको" पेक्षा बरं पडतं, कारण चार दिवस बरोबर खेळलं की पोरांना तो अनोळखी वाटतच नाही, मित्रच वाटतो. आजीला पण यात घ्या ओ. आमच्या सासूबाईंना तेलुगूच जास्त येतं, मोबाईल कळत नाही, पण पोरं त्यांच्याजवळ बसूनच खेळतात, आत खोलीत नाही, हेडफोन नाही.

मोबाईलवाला_सातरस्ता
सेटिंगचं मी सांगतो. आजीच्या मेल आयडीवर पोरगं खेळत असेल तर गेमला वाटतंय मोठा माणूस आहे. गूगल फॅमिली लिंक टाका, पोराचं वेगळं अकाउंट काढा, मग ॲप टाकायला तुमची परवानगी लागते आणि वेळ पण ठरवता येतो. मात्र फॅमिली लिंकनं गेममधलं चॅट बंद होत नाही, ते त्या गेमच्या सेटिंगमध्ये जाऊनच बंद करायचं, व्हॉइस पण. बंद होत नसेल तर तो गेम या वयाला नकोच. यूट्यूबऐवजी यूट्यूब किड्स, त्यात तुम्ही निवडलेलंच दिसेल असं करता येतं, सर्च पण बंद होतंय.

जुळेसोलापूर_आई
स्क्रीनशॉट काढले, रिपोर्ट पण केलं. रात्री त्याला जवळ घेऊन विचारलं तर म्हणाला अजून एक दादा असाच विचारायचा, पण सांगितलं असतं तर पप्पा ओरडले असते. मिस्टर गप्पच झाले ऐकून. त्या दुसऱ्याचं चॅट आता दिसत नाहीये, तरी तक्रारीत लिहू का?

विजापूररोड_मास्तर
लिहा की. आयडी आठवत असेल तर तोही द्या. आणि पोराला परत परत तेच विचारत बसू नका, एकदा जे बोलला ते त्याच्याच शब्दात लिहून ठेवा.