हरणाचं मटण चिवट झालं, काय करावं?

नंदुरबारची_ताई: धाकटा भाऊ अमेरिकेत मिशिगनला असतो. शेजाऱ्याने परवाना काढून हंगामात मारलेल्या हरणाची मागची तंगडी त्याला दिली. त्याने आपल्या काळ्या मसाल्यात, बोकडाचं करतो तसंच, कुकरला लावलं. रस्सा झकास, पण पीस कोरडे, दोरीसारखे. शिवाय उग्र वास. अर्धं मांस फ्रीजरमध्ये शिल्लक आहे.

धुळेकर_भाऊ: शिट्ट्या वाढवा ताई. जून बोकडाला आम्ही तेच करतो.

साक्री_खानावळ: शिट्ट्या वाढवू नका, अजून कोरडं होईल. खानावळ टाकण्याआधी मी न्यूझीलंडला हॉटेलात होतो. तिथे हरणं पाळतात, हे मांस रोज हाताखालून जायचं. यात चरबी जवळजवळ नसते. बोकडाचा पीस जास्त शिजला तरी चरबी त्याला ओलं ठेवते, इथे तो आधारच नाही.

म्हणून अख्खी तंगडी एकत्र शिजवायची नाही. नळीकडच्या भागात कोलॅजेन, म्हणजे मांसातलं चिवट प्रथिन, भरपूर, ते मंद आचेवर दोन-अडीच तासांत विरघळतं आणि रस्सा दाट होतो. काळा रस्सा याच भागाचा करा, जाड बुडाच्या पातेल्यात, झाकण ठेवून. मांडीचं मांस धाग्यांना आडवं कापा, मसाल्याला तेल सुटल्यावर घाला आणि शिजलं की लगेच उतरवा. तिकडे मांसात खुपसायचा थर्मामीटर मिळतो, ७१ अंश सेल्सिअस झाले की बस.

वास बहुतेक चरबीचा असतो. बोकडाची चरबी आपण मागून घेतो, हरणाची पूर्ण काढायची. ती तोंडात मेणासारखी गोठते. वर पांढरा चकचकीत पापुद्रा असतो, तो कितीही शिजवा, चिवटच राहतो. त्याच्याखाली सुरीचं टोक सरकवा, पातं जरा वरच्या अंगाला तिरकं धरा आणि पापुद्रा दुसऱ्या हाताने ताणत काढा. गोळी लागलेल्या जागेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका, शिशाचे बारीक कण पसरलेले असतात.

कच्ची पपई मिळाली तर मांडीच्या पिसांना किलोमागे दोन चमचे वाटण, तासभर पुरे. रात्रभर ठेवलं तर वरून लगदा होतो. शहाद्याकडे हिरवी पपई तोडली की जो पांढरा चीक गळतो, त्यातलं पपेन हे काम करतं. पिकलेली चालणार नाही.

यावलकर: इथल्या वाचकांसाठी एक सांगतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरीण, ससा मारणं गुन्हा आहे, मांस जवळ ठेवणंसुद्धा. सातपुड्याच्या पायथ्याला कोणी गुपचूप आणून दिलं तर घेऊ नका. आधीच थोडी उरलीत ती जनावरं.

नंदुरबारची_ताई: आमच्याकडे तसलं कोणी आणत नाही, आणलं तरी घेणार नाही. साक्रीवाले भाऊ, फ्रीजरमधलं ओट्यावर काढून ठेवायला सांगू का?

साक्री_खानावळ: ओट्यावर नको. आदल्या दिवशी खोलगट ताटात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं. लाल पाणी सुटेल ते टाकून द्यायचं, मांस स्वच्छ फडक्याने कोरडं टिपायचं आणि मगच हळद-मीठ लावायचं.